तरोटा, बहावा आणि कासविंदा

महाराष्ट्रात जळगाव नावाची गावे एकाहून अधिक आहेत. त्यांतले खानदेशातले जळगाव मोठे, जिल्ह्याचे ठिकाण. त्याला मागेपुढे काही लावावे लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगावाला मात्र शेजारच्या जामोद गावाचे नाव जोडून घ्यावे लागले. नुसते 'जळगाव' लिहिलेल्या पाकिटाने खानदेशाची वाट धरली, तर त्यात पोस्टाचा दोष तो काय? 'जळगाव' म्हटल्याने घराणे कळते, 'जामोद' म्हटल्याने त्या घराण्यातले नेमके कोण ते कळते.

स्वीडनच्या कार्ल लिनीअसने १७५३ साली जगातल्या झाडाझुडपांना नावे दिली ती याच रीतीने. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे घराण्याचा. दुसरा त्या घराण्यातल्या जातीचा. ही दोन शब्दांची रीत इतकी सोयीची ठरली की आज पावणेतीनशे वर्षे होत आली तरी ती तशीच चालू आहे. भांडण उरले आहे ते एवढेच, की कोणाला कोणत्या घराण्यात बसवायचे. आणि हे भांडण केवळ विद्वानांच्या दिवाणखान्यातले नाही, त्याचा संबंध पोराबाळांच्या जिवाशीही पोहोचतो. तो कसा, हे पाहण्यासाठी फार लांब जावयास नको. आपल्या पायाखालची चार झाडे पुरेत.

जळगाव जामोदहून डोंगराच्या दिशेने निघावे. वैशाखात पिवळ्या झुंबरांनी लगडलेला बहावा दिसतो. माळावर तरवडाची झुडपे असतात. पहिला पाऊस पडला की पडीक रानात, रस्त्याच्या कडेला, गोठ्याच्या मागे तरोट्याचे रान माजते. कोकणात आणि देशावर ज्याला टाकळा म्हणतात, तोच हा वऱ्हाडातला तरोटा. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी पावसाळ्यात घरोघर होते. आणि उकिरड्याच्या आसपास, पडक्या भिंतीच्या कडेला, या तरोट्याचाच थोरला भाऊ शोभावा असे एक झुडूप उभे असते. ते कासविंदा. काही ठिकाणी त्यालाच रानटाकळा म्हणतात. हे दुसरे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

बहावा, तरवड, तरोटा, कासविंदा. एक बऱ्यापैकी उंच वृक्ष, दोन झुडपे आणि एक पावसाळी रोप. यांचे आपसात नाते काय? गावकरी म्हणेल, फुले पिवळी आणि शेंगा लागतात, याउपर काही नाही. लिनीअसने मात्र चौघांनाही एकाच घरात घातले. त्या घराचे नाव कॅसिया.

शेंगा लागतात म्हणजे हे सारे शिंबावंत कुलातले. हे कुल केवढे, याची कल्पना जळगाव जामोद तालुक्यातल्या माणसाला भेंडवळच्या घटमांडणीवरून चटकन येईल. अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या शेतात धान्याचे जे रिंगण मांडतात, आणि ज्यावरून दुसऱ्या दिवशी पीकपाण्याचे भाकीत सांगतात, त्या रिंगणातल्या तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर, वाटाणा, लाख या सगळ्या या एकाच कुलाच्या लेकी. भाकिते खरी किती ठरतात हा प्रश्न निराळा. परंतु वऱ्हाडी माणसाच्या ताटातला निम्मा ऐवज या कुलाने पुरवला आहे, एवढे त्या रिंगणावरून निश्चित दिसते. जगभरात या कुलाच्या साडेसातशेहून अधिक प्रजाती आणि सुमारे साडेएकोणीस हजार जाती मोजल्या गेल्या आहेत. त्यांत पोटाला आधार देणारी डाळ आहे, तसे विषही आहे. रिंगणातली लाखच घ्या. दुष्काळात गरिबाने महिनोन् महिने लाखेवर दिवस काढले आणि पायांतले बळ कायमचे गेले, असे मध्य भारतात वारंवार घडले. म्हणूनच १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती.

आता कॅसियाकडे वळू. हे नाव युरोपीय पंडितांनी पक्के केले असले, तरी या झाडांची ओळख त्यांना ज्या पुस्तकांतून झाली, त्यांत आपल्याकडच्या माणसांचा हात होता. कोचीनचा डच सुभेदार व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला; तो १६७८ पासून १६९३ पर्यंत अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्या कामी त्याला मदत केली इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने, आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोकणी ब्राह्मणांनी. या तिघांचे नागरी अक्षरांतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. ज्या काळात आपल्याकडे नागरी अक्षरांची छपाई होत नव्हती, त्या काळात आपली नागरी अक्षरे परदेशात छापली गेली ती एका वनस्पतींच्या पुस्तकात, ही मौज फार थोड्यांना ठाऊक असते. लिनीअस हिंदुस्थानात कधी आला नाही. इथली कितीतरी झाडे त्याने पाहिली ती या ग्रंथातल्या चित्रांतून.

कॅसियाचे घर पुढे वाढत गेले. अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, पॅसिफिक महासागरातली बेटे, जिथून म्हणून पिवळ्या फुलांची आणि जोडीजोडीने दले असलेल्या पानांची झाडे आली, ती सगळी त्यात भरली गेली. इंग्लंडच्या जॉर्ज बेंथमने १८७१ साली या घराची झडती घेतली, तेव्हा जातींची संख्या तीनशेच्या वर गेली होती. बेंथमला आत तीन स्वतंत्र दालने स्पष्ट दिसली. तरी त्याने भिंती पाडल्या नाहीत की नवे दरवाजे काढले नाहीत. घर एकच ठेवले. बेंथमचा शब्द मोठा. त्यामुळे पुढची शंभर वर्षे आपल्याकडच्या पुस्तकांतही बहावा तो कॅसिया फिस्टुला, तरोटा तो कॅसिया टोरा, तरवड तो कॅसिया ऑरिक्युलाटा असेच चालले. थिओडोर कुकने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो प्रसिद्ध ग्रंथ काढला, त्यातही हीच नावे आहेत. (त्या ग्रंथात बुलढाण्याची झाडे शोधू नयेत. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हते, म्हणून वऱ्हाडचा बहावाही कुकच्या हद्दीबाहेर राहिला!)

हे एकत्र कुटुंब फुटले १९८२ साली, न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात. हॉवर्ड अर्विन आणि रूपर्ट बार्नबी या दोघांनी अमेरिका खंडातल्या कॅसियांवर नऊशेहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतला बार्नबी हा जन्माने इंग्रज. केंब्रिजला त्याने वनस्पतिशास्त्र शिकलेच नव्हते. झाडांचा नाद त्याने स्वतःच लावून घेतला होता, आणि शेंगावाल्या झाडांच्या बाबतीत त्याचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला. पदवीवाचून विद्या येत नाही असे समजणाऱ्यांनी या गृहस्थाचे चरित्र जरूर वाचावे. या दोघांनी बेंथमची तीन दालने तीन स्वतंत्र प्रजाती म्हणून मांडली: कॅसिया, सेन्ना आणि कॅमीक्रिस्टा. ही दोन्ही नावे त्यांनी नव्याने काढली नाहीत. सेन्ना हे इंग्रज माळी फिलिप मिलरचे १७५४ मधले आणि कॅमीक्रिस्टा हे मेंख या जर्मन पंडिताचे १७९४ मधले. वापरात नसलेली जुनी भांडी माळ्यावरून काढून घासूनपुसून पुन्हा फडताळात मांडावी, तसा हा प्रकार. 'सेन्ना' हा शब्द मुळात अरबी 'सना'. आपल्या वैद्यांच्या दुकानातली जुलाबाची सोनामुखी ती हीच.

वाटणी कशावरून केली? फुलातल्या पुंकेसरांवरून प्रथम. बहाव्याचे एक फूल हातात घेऊन पाहावे. दहा पुंकेसरांतले खालचे तीन चांगले लांब, आधी खाली वळून पुन्हा वर आकड्यासारखे आलेले दिसतात. तरवडाच्या किंवा तरोट्याच्या फुलात हे आकडे नाहीत. केसरांचे दांडे आखूड आणि सरळ. बहाव्याच्या फुलाच्या देठावर बारीकशी सहपत्रे असतात, सेन्नाच्या देठावर नसतात. शेंग पाहिली तर बहाव्याची गोल नळीसारखी ('फिस्टुला' म्हणजे नळीच) आणि आपण होऊन न फुटणारी. आत काळ्या गराचे कप्पे. कॅमीक्रिस्टाची शेंग वाळली की तडकन फुटते, दोन्ही साली पिळवटतात आणि बी दूर उडते. या तिसऱ्या घरातली आपल्याकडची ओळखीची वनस्पती म्हणजे चाकसू. चार दलांचे पान, चिकट अंग, आणि डोळ्यांच्या औषधात वापरतात ते काळे चकचकीत बी. कॅमीक्रिस्टाच्या मुळांवर हरभऱ्या-भुईमुगासारख्या नत्राच्या गाठी येतात. बहावा आणि तरोटा या दोघांच्या मुळांवर त्या येत नाहीत. एवढा मोठा फरक जमिनीखाली दडलेला असताना वरच्या पिवळ्या फुलांनी सगळ्यांना शंभर-दोनशे वर्षे भुलवले!

फुले नसतील तेव्हा पान पाहावे. सेन्नाच्या पानाच्या दांड्यावर बहुधा बारीक ग्रंथी असतात, मोहरीएवढ्या किंवा त्याहून लहान. त्यांतून गोड रस पाझरतो आणि त्यासाठी मुंग्या येतात. तरवडात दलांच्या प्रत्येक जोडीमध्ये अशी एक ग्रंथी असते, शिवाय पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी मोठी उपपर्णे. 'ऑरिक्युलाटा' म्हणजे कानवाली. बहाव्याच्या पानावर ग्रंथीच नाही. नियम म्हटला की अपवाद आलाच. रस्त्याच्या कडेला सावलीसाठी लावतात तो काशीद सेन्नाच आहे, पण त्यालाही ग्रंथी नाहीत.

कुणी म्हणेल, घरे वेगळी करण्याचा हा हव्यास कशाला? काही झाडे खरोखरच कुठल्याच घरात बसत नाहीत, त्याला काय करावे? हवाई बेटांतले काहोओलावे हे बेट १९४१ पासून १९९० पर्यंत अमेरिकन आरमाराच्या तोफा-बाँबच्या सरावाचे ठिकाण होते. त्याच्या किनाऱ्यालगत समुद्रातून वर आलेल्या एका खडकाच्या सुळक्यावर १९९२ साली केन वुड आणि स्टीव्ह पर्लमन हे दोघे वनस्पतिशास्त्रज्ञ चढले. तिथे त्यांना शेंगा येणारे एक अनोळखी झुडूप सापडले. अवघी दोन झाडे. आपल्या सुबाभळीशी त्याचे दूरचे नाते लागते. परंतु सुबाभळीच्या घरात ते बसेना, दुसऱ्याही कुठल्या घरात बसेना. १९९४ साली त्याला स्वतःची प्रजाती देण्यात आली. तिचे नाव 'कनालोआ', हवाईच्या समुद्रदेवाचे. मग एक जुने कोडे उलगडले. हवाईच्या जुन्या गाळात एका अज्ञात शेंगावर्गीय झुडपाचे पराग फार मोठ्या प्रमाणात सापडत असत, आणि ते कोणाचे हे कळत नव्हते. ते या कनालोआचे निघाले. एके काळी सखल रान व्यापून टाकणारे झुडूप दोन झाडांवर आले होते. ते ओळखले गेले नसते तर गेल्याचेही कोणाला कळले नसते.

जळगाव जामोदच्या लोकांना या गोष्टीचे नवल वाटू नये. त्यांच्याच तालुक्यातल्या सातपुड्याच्या गावांत निहाली नावाची भाषा बोलली जाते. बोलणारे फार तर दोन-अडीच हजार. शेजारच्या कोरकूचे शब्द तिच्यात पुष्कळ, म्हणून तिला एके काळी कोरकूच्याच घरात लोटले होते. मराठी-हिंदीचेही शब्द आहेत, द्राविडीही आहेत. काईपर या डच पंडिताने १९६२ साली तिची नीट तपासणी केली, तेव्हा हे सगळे उसने शब्द बाजूला काढल्यावर पाव भागाच्या आसपास असा ऐवज उरला, की जो कुणाशीच जुळत नाही. आर्य, द्राविड, मुंडा यांपैकी कोणत्याही घराण्यात न बसणारी ही भाषा आजही आपल्या घरात एकटी आहे.

असो. १९८२ ची वाटणी भारतात सावकाश रुजली. पुढे पेशीतल्या डी.एन.ए.ची तपासणी करता येऊ लागली, तीत ही तिन्ही घरे खरोखरच वेगळी असल्याचे दिसून आले, आणि वाद संपला. व्ही. सिंह यांनी २००१ साली भारतातल्या या सबंध गोतावळ्यावर ग्रंथ लिहिला. त्याच्या आदल्याच वर्षी पी. जी. दिवाकर आणि बी. डी. शर्मा यांनी बुलढाणा जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता, आणि कुकने बाहेर ठेवलेल्या या जिल्ह्याला स्वतःची झाडांची खानेसुमारी मिळाली. तरी औषधी वनस्पतींची बाजारातली पुस्तके अजूनही तरोट्याला कॅसिया टोरा म्हणतात. माझ्या मते यात फारसे बिघडत नाही. जुने नाव एकाच झाडाचे असेल, तर ते नुसते जुने आहे, खोटे नाही. बिघडते ते एक नाव दोन झाडांना पडते तेव्हा.

तरोट्याच्याच बाबतीत असे झाले होते. लिनीअसने दोन रोपे वेगळी मानली होती: एक टोरा आणि दुसरे ऑब्ट्युसिफोलिया. नंतरच्या लोकांनी ती एकच समजून संग्रहात एकाच दप्तरात बांधली. १९५८ साली क्यू येथील ब्रेनन यांनी ती पुन्हा सोडवली. टोराच्या पानावर दोन ग्रंथी, दलांच्या खालच्या दोन जोड्यांत एकेक. ऑब्ट्युसिफोलियाच्या पानावर एकच. पहिल्याच्या फुलांचे देठ आखूड, दुसऱ्याच्या लांब. टोरा जुन्या जगातला, दुसरा मूळचा अमेरिकेचा. भाजी करणाऱ्या गृहिणीला या भेदाचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही. कढईत दोघांचा पाला सारखाच आळतो.

कासविंद्याचे तसे नाही.

उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात, सहारनपूर-बिजनौरच्या बाजूला, दरवर्षी पावसाळा सरला की लहान मुलांत एक भयंकर आजार येत असे. दोन ते चार वर्षांची, धडधाकट, बहुतेक गरीब घरची मुले. एकाएकी ओकाऱ्या, मग तळमळ, मग शुद्ध हरपणे, आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू. आजारी पडणाऱ्या चारांतली जवळजवळ तीन मुले दगावत. मेंदूज्वर समजून वर्षानुवर्षे विषाणूंचा शोध चालला होता. विषाणू काही सापडत नव्हता. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ, वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांचे सहकारी यांनी मग वेगळी चौकशी केली. मुले आजारी पडण्याआधी काय खात होती? उत्तर निघाले कसौंदीच्या शेंगा. खेळता खेळता पोरे त्या सोलून बिया तोंडात टाकीत. २००७ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले: यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर एकदम घाला घालणारे हे विष कसौंदीच्या बियांचे. कसौंदी म्हणजे आपला कासविंदा, सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस.

पुढे २०१६ साली ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यात शंभराच्या आसपास बालके दगावली. त्यांत काही जपानी मेंदूज्वराची होती; परंतु डॉ. जॉन यांच्या समितीला बऱ्याच मुलांच्या बाबतीत पुन्हा हेच झुडूप दिसून आले. तिथे त्याला काय म्हणतात? 'बडा चाकुंडा'. चाकुंडा म्हणजे तरोटा. म्हणजे तिकडे तो मोठा तरोटा आणि इकडे रानटाकळा! ज्याचा पाला आपण आवडीने खातो, त्याचेच नाव लोकांनी या विषारी भावंडाला दिले. बाजरीला भाव आणि माणसाला नाव एकदा लागले की सुटत नाही, तशातला प्रकार. संस्कृत नावाचीही एक गंमत आहे. जुन्या वैद्यक ग्रंथांत 'कासमर्द' आहे, खोकला मोडणारा. परंतु कासविंदा मूळचा अमेरिकेचा मानतात. लिनीअसने त्याचे ठिकाण जमैका लिहिले आणि त्याला 'पाश्चात्त्य' असेच नाव दिले. तेव्हा ते जुने संस्कृत नाव आधी दुसऱ्याच कोणाचे असावे आणि हा उपरा येऊन त्यात घुसला असावा, असे मानणे भाग पडते. भाजून केलेली त्याच्या बियांची 'कॉफी' आफ्रिकेत आणि अन्यत्र पितात हे खरे. भाजल्याने विष पुष्कळ उतरते. पोरे मात्र हिरव्या शेंगा सोलून खातात.

हे दोघे वेगळे ओळखणे अवघड नाही. तरोट्याच्या पानाला बहुधा दलांच्या तीन जोड्या, दलांचे टोक गोलसर, आणि ग्रंथी दलांच्या मधोमध. कासविंद्याला चार-पाच जोड्या, दले निमुळती टोकदार, शेवटची जोडी सर्वांत मोठी, आणि ग्रंथी एकच, तीही पानाच्या दांड्याच्या अगदी बुडाशी, काळपट. पान चुरगाळले की उग्र घाण वास येतो. तरोट्याची शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली. बी चौकटीच्या आकाराचे, दोन्ही टोकांना तिरपे छाटल्यासारखे. कासविंद्याची शेंग चपटी, जवळजवळ सरळ, बोटाएवढी, मधून तपकिरी आणि कडांना फिकट. बी चपटे, गोलसर. तरोटा गुडघा-मांडीपर्यंत वाढतो, कासविंदा माणसाच्या छातीला लागतो.

त्याच्या शेंगा भरतात त्या आश्विनात आणि वाळतात दिवाळीच्या पुढेमागे. मोकळ्या सुट्टीत पोरांची भातुकली रंगते, किल्ल्याला माती आणायला ती उकिरड्याच्या बाजूला जातात, त्याच दिवसांत. झुडूप फार घट्ट धरलेले नसते. ओल्या जमिनीतून एका हाताने, मुळासकट उपटून येते.